पॅलिओ सुरू करण्याआधी भाकरीचा हिशेब करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सांगली-मिरजेत हल्ली व्यायामशाळेत नाव घातले की ‘पॅलिओ’ आहाराचा एक छापील कागद हातात पडतो. डावीकडे ‘खा’, उजवीकडे ‘खाऊ नका’. याद्या तशा चुकीच्या नसतात, पण त्या अमेरिकेतल्या स्वयंपाकघरासाठी केलेल्या असतात. सामन, ॲव्होकॅडो, ब्रोकोली सगळे असते. भाकरी बंद केल्यावर ताटात काय येणार, रश्शाला कूट लावायचा की नाही, चहाचे काय, यावर मात्र एक ओळ नसते. नवख्या माणसाची फजिती तिथेच होते, म्हणून हे पत्र.

या आहाराचा नियम एका वाक्यात सांगता येतो. शेती सुरू होण्याआधी, म्हणजे साधारण १०-१२ हजार वर्षांपूर्वीपर्यंत, माणूस जे गोळा करून किंवा शिकार करून खाई तेवढेच खायचे. मांस, मासे, अंडी, भाज्या, कंद, फळे, बदाम-अक्रोड आणि तीळ-जवसासारख्या बिया चालतात. धान्य, डाळी-कडधान्ये, दूधदुभते, साखर, रिफाइंड तेल आणि कारखान्यात तयार झालेले पदार्थ चालत नाहीत. १९८५ मध्ये ईटन आणि कोनर या संशोधकांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये लेख लिहिला, तिथून हा विचार वैद्यकात आला. ‘आदिमानव धान्य खातच नव्हता’ हे मात्र कोणी ठणकावून सांगू लागले तर मान डोलावू नका. युरोपात सापडलेल्या सुमारे ३० हजार वर्षांपूर्वीच्या दगडी पाट्या-वरवंट्यांवर पिष्टाचे कण मिळाले आहेत. तेव्हा इतिहासाचा आधार बेताचाच, आहार म्हणून तपासायला हरकत नाही.

आता भाकरी. दिवसाला ज्वारीच्या चार भाकरी खाणाऱ्याच्या पोटात साधारण २८० ग्रॅम पीठ जाते. त्यातून सुमारे ९३० कॅलरी, २८ ग्रॅम प्रथिने आणि जवळपास तेवढाच चोथा मिळतो. भाकरी काढली की हे तिन्ही एकदम जाते. लोक प्रथिनांची सोय करतात, कॅलरी थोड्याफार सांभाळतात, चोथा विसरतात. म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी पोट साफ होत नाही आणि दोष मटणाला दिला जातो. भाकरीच्या जागी दिवसभरात किमान अर्धा किलो भाजी (कच्च्या वजनाने) आणि पाव किलो कंद हवेत. भेंडी, दोडका, वांगी, शेवग्याच्या शेंगा, कोबी, मेथी, तांदुळजा, जे बाजारात असेल ते. कंदात रताळी, सुरण, कोनफळ, अळकुड्या. सुरण आणि अळकुड्या चिंच किंवा कोकम घालून शिजवाव्यात, नाही तर घशाला खाज सुटते. बटाट्यावर पॅलिओवाल्यांतच एकमत नाही. रताळी मिळत असताना त्या वादात पडायचे कारण नाही. गवार आणि घेवड्याच्या कोवळ्या शेंगा बहुतेक जण चालवून घेतात. तोच घेवडा वाळून दाणा झाला की कडधान्य, म्हणून कोरेगावचा वाघ्या घेवडा, मटकी, हुलग्याचे माडगे आणि ढाब्यावरचा अख्खा मसूर हे सगळे बाहेर.

आपल्याकडे खरी गोची शेंगदाण्याची. शेंगदाणा हे शेंगवर्गातले पीक, सुकामेवा नव्हे. भाजीतला कूट, कोशिंबिरीतला कूट, शेंगाचटणी, शेंगतेल, सगळेच जाते. रश्शाला दाटपणा हवा असेल तर भाजलेले सुके खोबरे आणि तीळ २:१ प्रमाणात वाटून लावावे. चार माणसांच्या रश्शाला मूठभर वाटण पुरते. पांढऱ्या रश्शात बहुधा खोबरे, खसखस, तीळच असतात, त्यामुळे तो जवळजवळ तसाच चालतो, फक्त खाणावळीत त्यात मैदा किंवा डाळवाचे पीठ आहे का हे विचारावे. डबीतला हिंगही पाहावा, बांधणीच्या हिंगात मैदा किंवा तांदळाचे पीठ असते. तेलात सरकी, सोयाबीन, सूर्यफूल बाद, खोबरेल चालते. तुपाबद्दल मतभेद आहेत. आमच्या मते घरचे नीट कढवलेले तूप दिवसाला दोन चमचे ठेवावे, त्यावाचून हा आहार इथे कोणी महिनाभर रेटू शकणार नाही.

दुसरा घोळ उपवासाचा. ‘धान्य नाही म्हणजे एकादशीचे चालेल’ असे अनेकांना वाटते. भगर हे धान्यच, साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट आणि खिचडीत पुन्हा शेंगदाणे. गूळ आणि काकवी ही साखरच. तासगावचा बेदाणा फळ म्हणून यादीत बसतो खरा, पण एक किलो बेदाण्याला सुमारे चार किलो द्राक्षे लागतात. म्हणजे १०० ग्रॅम बेदाणे चघळणे हे ४०० ग्रॅम द्राक्षांची साखर एका बैठकीत खाणे. दहा-बारा दाण्यांवर थांबावे.

सुरुवात एकदम करू नये. पहिले दोन आठवडे फक्त साखर, मैदा, खारी-टोस्ट, फरसाण, भडंग आणि बाटलीतली पेये सोडावीत. चहा याच काळात उतरवावा. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे दिवसाला ४० ग्रॅम साखर. चारचे दोन कप, मग बिनसाखरेचे, मग दूध काढून आल्याचा कोरा चहा, असे जावे. भाकरी आणि चहा एकाच दिवशी बंद केले की तिसऱ्या दिवशी डोके ठणकते. त्यात कॅफीन तुटल्याचा वाटा मोठा असतो. ‘शरीरातली विषद्रव्ये बाहेर पडतायत’ हे स्पष्टीकरण ऐकू नये. तिसऱ्या आठवड्यात रात्रीची भाकरी किंवा भात काढावा, चौथ्यात दुपारचा. डाळी आणि दूध त्यानंतर.

६५ किलो वजनाच्या माणसाला राष्ट्रीय पोषण संस्थेच्या निकषाने, किलोमागे ०.८३ ग्रॅम धरून, दिवसाला सुमारे ५४ ग्रॅम प्रथिने लागतात. सकाळी भरपूर कांदा-टोमॅटो-मेथी घालून तीन अंडी. दुपारी १५० ग्रॅम मासा किंवा चिकन, दोन भाज्या आणि उकडलेले १५० ग्रॅम रताळे. संध्याकाळी ३० ग्रॅम बदाम-अक्रोड आणि पेरू. रात्री भाजी, १०० ग्रॅम सुरण आणि ४० ग्रॅम ओले खोबरे. एवढ्यात प्रथिने ६० ग्रॅमच्या आसपास होतात, कॅलरी मात्र १४०० च्या पलीकडे फारशा जात नाहीत. बैठे काम असेल आणि वजन उतरवायचे असेल तर ठीक. दिवसभर रानात राबणाऱ्याने हाच कागद पाळला तर तो आठवड्यात गळून जाईल. त्याने कंद दुप्पट करावेत, अंडी आणि खोबरे वाढवावे. मासा घेताना मरळ किंवा कटला प्रथिनांना उत्तम, पण ओमेगा-३ साठी आठवड्यातून दोनदा घाटाखालून येणारा बांगडा किंवा तारली घ्यावी. मटणाला हात राखावा. वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंडाची शिफारस लाल मांस आठवड्याला शिजवलेले ३५० ते ५०० ग्रॅम, त्याहून जास्त नको अशी आहे. रोज मटण म्हणजे पॅलिओ, असे कुठल्याही यादीत लिहिलेले नाही.

पहिल्या आठवड्यात काटा दीड-दोन किलो खाली येतो आणि घरात पेढे वाटले जातात (तेही बंद असताना). ती चरबी नव्हे. शरीरात साठलेल्या ग्लायकोजेनच्या (पिष्टापासून बनलेल्या साठ्याच्या) प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असते; पिष्ट कमी झाले की साठा उतरतो आणि पाणी निघून जाते. त्याबरोबर मीठही जाते, म्हणून उभे राहताना चक्कर येते. दुसरी चूक, नुसता छातीचा चिकनतुकडा आणि काकडी. स्निग्ध आणि पिष्ट दोन्ही काढल्यावर केवळ प्रथिनांवर शरीर चालत नाही. मळमळते, भूक भागत नाही आणि संध्याकाळी हात भडंगाच्या पिशवीत जातो. स्निग्ध पदार्थांना घाबरून पॅलिओ होत नाही.

दूध सोडले की कॅल्शियमचा प्रश्न येतो. रोजची गरज १००० मिलिग्रॅम, अर्धा लिटर दुधातून त्यातले सुमारे ६०० मिळतात. भरपाईला २० ग्रॅम न सोललेले तीळ, शेवग्याचा १०० ग्रॅम पाला आणि काट्यासकट खाता येतील असे छोटे मासे ठेवावेत. पालकावर भिस्त नको, त्यातले ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवते. मीठ कमी करा, पण जे खाल ते आयोडीनयुक्तच असू द्या. सैंधवाची फॅशन इथे महागात पडते. स्वीडनमध्ये ७० लठ्ठ, रजोनिवृत्त स्त्रियांवर दोन वर्षे चाचणी झाली, त्यात पॅलिओ गटात आयोडीनची कमतरता दिसली. त्याच चाचणीत सहा महिन्यांना या गटाची चरबी नेहमीच्या पोषण शिफारशींप्रमाणे खाणाऱ्या दुसऱ्या गटापेक्षा जास्त उतरली होती, दोन वर्षांनी तो फरक टिकला नाही.

शाकाहारी घरांनी पूर्ण पॅलिओच्या नादी लागू नये. डाळ, दूध, अंडी तिन्ही वगळून ५४ ग्रॅम प्रथिने फक्त बदामातून घ्यायची तर रोज ३०० ग्रॅम बदाम लागतील, म्हणजे जवळपास १८०० कॅलरी, आणि बी-१२ शून्य. कडधान्यातल्या ज्या घटकांना पॅलिओवाले नावे ठेवतात, त्यांतले लेक्टिन नीट शिजवल्याने निष्प्रभ होते आणि फायटेट भिजवून मोड आणल्याने कमी होते. आपल्या आज्या मटकीला मोड आणत होत्या तेवढे पुरेसे आहे. साखर-मैदा सोडून, भाकरी निम्मी करून, भाजी दुप्पट करून डाळ-ताक चालू ठेवले तरी फायदा होतो.

मधुमेहींनी आधी डॉक्टरांना गाठावे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना पिष्ट एकदम कमी केले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मात्रा आधी बदलावी लागते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या घेणाऱ्यांना कीटोॲसिडोसिसचा (रक्तात आम्ल साचण्याचा) धोका वाढतो आणि त्यात रक्तातली साखर फार वाढलेली नसल्याने निदान चुकते. रक्त पातळ करणारे वॉरफेरिन असेल तर पालेभाजी अचानक वाढवू नये. क्रिएटिनिन वाढलेले, युरिक ॲसिडचा त्रास असलेले आणि गरोदर यांनी हा कागद बाजूला ठेवावा.

तीस दिवस झाल्यावर सोडलेले पदार्थ एकेक करून परत आणावेत: आधी डाळ, मग ताक-दही, मग ज्वारी-बाजरी, शेवटी गहू. प्रत्येकाला तीन दिवस द्यावेत आणि पोट, झोप, सकाळची साखर लिहून ठेवावी. कुठला पदार्थ आपल्याला खरोखर बाधतो हे यातच कळते, आणि आमच्या दृष्टीने पॅलिओचा नवख्याला होणारा सर्वांत मोठा उपयोग हाच. बहुतेक जण नेमका हा भाग गाळतात आणि पहिल्याच रविवारी पुरी-श्रीखंडावर बसतात.

आपल्या आरोग्य पुरवणीत आहाराचे तक्ते येतात, त्यासंबंधी एक विनंती. मांसाचे वजन कच्चे की शिजवलेले हे प्रत्येक वेळी छापावे. १५० ग्रॅम कच्चे चिकन शिजल्यावर ११० ग्रॅमच्या आसपास भरते. हे न लिहिल्याने वाचक तिसरा हिस्सा जास्त किंवा पाव हिस्सा कमी खातो. भाजीचेही तसेच, मेथीची मोठी जुडी शिजून वाटीभर होते.

आपल्या,
आहारशास्त्राच्या दोन अभ्यासक, सांगली