या गणपतीला आम्ही येत नाही

परळ, मुंबई
८ ऑगस्ट २०२०

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलायला गेलो की आईचा आवाज बदलतो आणि माझं निम्मं तोंडातच राहतं, म्हणून लिहायला बसलो. खालच्या वाडीतली मंडळी उद्या पहाटे गाडी करून निघतायत. विलगीकरणासाठी शाळेत उतरले की पत्र आणि पार्सल गावच्या कोरोना कृती दलाच्या पोरांकडे देतील.

या गणपतीला आम्ही येत नाही. चौघेही. रजेचा अर्ज मी परवाच मागे घेतला. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, पण विचारलं असतं तर आई रडली असती आणि मी एसटीचं तिकीट काढून मोकळा झालो असतो.

रजेचा हिशोब मी वहीत चार वेळा मांडला. सरकारने विलगीकरणाच्या चौदा दिवसांचे दहा केले, हे खरं. पण १२ तारखेच्या आत पोचायचं, मग दहा दिवस शाळेत, २२ ला गणपती, २७ ला गौरीबरोबर विसर्जन, मग परत. सोळा-सतरा दिवस होतात. बेस्टच्या डेपोत निम्मी माणसं आजारी नाहीतर गावी अडकलेली, एवढी रजा कोण देणार? १२ नंतर यायचं तर आधी टेस्ट करायची. आज टेस्ट चांगली आली आणि संध्याकाळच्या पाळीत कुणी तोंडावर खोकलं, तर त्या कागदाचा काय उपयोग?

पण आई, रजा मिळाली असती तरी मी आलो नसतो. मार्चमध्ये सगळं बंद होतं तेव्हाही आमच्या गाड्या नर्सना, सफाईवाल्यांना घेऊन धावत होत्या. ८ जूनपासून तर सगळ्यांसाठीच सुरू झाल्या. लोकल अजून सर्वांना नाही, त्यामुळे सगळा भार बसवर. शेकडो हातांतून आलेल्या नोटा मी घेतो. मे महिन्यात आमचा ड्रायव्हर गेला, सहा वर्षं आम्ही एकाच गाडीवर होतो. दोन दिवस नुसती कणकण होती. दम लागत नाही, म्हणून तो घरीच पडून राहिला. शेवटी बोटाला यंत्र लावलं तेव्हा आतला ऑक्सिजन पार उतरला होता. त्याच्या घरच्यांना त्याचं तोंडही नीट बघता आलं नाही. तेव्हापासून मी घरी आलो की आधी मोरीत जातो, मगच पोरांना जवळ घेतो. ते मी तुमच्या दारात घेऊन येऊ?

आणि शाळेत दहा दिवस राहणं म्हणजे काय, तेही मला दिसतं. चौथीच्या वर्गाच्या खिडकीतून आपल्या घराची कौलं दिसतात. तू डबा घेऊन कुंपणापर्यंत येशील. धाकटा "आजी" म्हणून हाक मारेल आणि तू कुंपणाच्या अलीकडे थांबणार नाहीस. नाही म्हणू नकोस आई, मी तुला ओळखतो.

आता बाबा, तुमच्याशी. सभेत काय झालं ते मला काकांकडून कळलं. मुंबईहून येणाऱ्यांना सूट द्यायची की नाही यावर वाद चालला होता आणि तुम्ही उठून म्हणालात, "माझा मुलगा आला तरी शाळेतच राहील, घरी येणार नाही." ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी जेवलो नाही. वाटलं, ज्या घरासाठी बावीस वर्षं पैसे पाठवले त्या घराचा दरवाजा बापानेच लावला. हिच्यासमोर तसं बोललोही. दोन दिवसांनी गाडीत एक म्हातारे गृहस्थ चढले, मास्क हनुवटीवर, धापा टाकत. त्यांना मी मास्क वर घ्यायला सांगितलं तेव्हा माझा आवाज मला तुमच्यासारखा वाटला. तुम्ही बरोबर होतात. आपल्याकडे घरटी दोन म्हातारी माणसं, जवळ फक्त आरोग्य केंद्र, आणि नमुने जूनपर्यंत मिरजेला जात होते, आता कुठे रत्नागिरीत तपासायला लागले. गावात एकाला झालं तर आरतीच्या एका फेरीत वाडी आजारी पडेल.

आणि मी येत नाही ते तुमच्या त्या शब्दामुळे नाही. हे मी देवासमोर सांगतो. मनात ठेवू नका.

एकच मागणं आहे, पुढच्या सभेत तेही उठून बोला. नियम ठेवा, पण येणाऱ्याला चोर समजू नका. मे महिन्यात जे आले त्यांतल्या किती जणांची नोकरी गेली होती, खोलीचं भाडं थकलं होतं. कुणी पायी आलं. त्यांच्या गाड्या बघून रस्त्यावर बांबू टाकले, "मुंबईकर आला, रोग आला" असं पोरंसोरं ओरडली. गणपतीला ज्यांच्या हातचा पेढा घेतो, वर्गणी घेतो, ती हीच माणसं. शाळेत बायकांसाठी वेगळं न्हाणीघर करा, लाइट नीट आहे का बघा, कुणाच्या घरून जेवण येत नसेल तर वाडीने द्या. गिरणी बंद पडल्यावर तुम्ही ट्रंक घेऊन परत आलात तेव्हा कुणी तुम्हाला दारात अडवलं नव्हतं.

त्या वर्षाची आठवण मुद्दाम काढतोय. सुपारीचं वर्ष, मूर्तीऐवजी सुपारी पुजली ते. मी चार वर्षांचा, मला फक्त पाट आणि त्यावरची सुपारी आठवते, आणि आई, तू गुळाऐवजी साखर घालून केलेले मोदक. मी विचारलं होतं, बाप्पाची सोंड कुठे आहे, आणि बाबांनी मला उचलून ओटीवर नेलं होतं. त्यांच्या मानेला तेलाचा वास होता. तेव्हाही आपल्या घरचा गणपती चुकला नव्हता. इथे लालबागच्या राजाची यंदा मूर्तीच नाही, त्याऐवजी रक्तदान चालू आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पोटात खड्डा पडला, पण लोक रांगेत उभे राहून रक्त देतायत.

आमची काळजी करू नका. रेशन भरलंय. तू दिलेलं कुळथाचं पीठ अजून डबाभर आहे, ही आठवड्यातून दोनदा पिठी करते. थोरलीची शाळा मोबाइलवर, ती सकाळी मोबाइल घेते म्हणून मी दुपारची पाळी मागून घेतली. रात्री मी पोटमाळ्यावर झोपतो, तिघं खाली. पंखा वर नेलाय, उकडत नाही. दूध नाक्यावर मिळतं. अंगही धरलंय थोडं.

मला काळजी तुमचीच. ३ जूनला वादळ आलं आणि आठ दिवस तुमचा फोन लागला नाही, ते दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. तेव्हाही येता आलं नाही. मागच्या पडवीची कौलं अजून तशीच आहेत असं काका म्हणाले. पैसे पाठवलेत. गणपतीच्या आधी पावसाने उघडीप दिली की माणूस लावून शाकारून घ्या, तोवर ताडपत्री. बाबांनी स्वतः शिडीवर पाय ठेवायचा नाही. माळ्यावरचा गणपतीचा पाटसुद्धा वरच्या घरातल्या पोराकडून उतरवून घ्यायचा. मूर्तीही मूर्तिकाराकडून तोच आणेल, मी त्याच्याशी बोललोय. यंदा घरच्या मूर्तीला दोन फुटांची मर्यादा आहे, आपली जेमतेम दीड फुटाची, तो प्रश्न नाही.

पार्सलमध्ये बोटाला लावायचं यंत्र आहे. सकाळी पाच मिनिटं शांत बसायचं, हात थंड असेल तर चोळून गरम करायचा, मग मधल्या बोटाला लावायचं आणि ऑक्सिजनचा आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. आकडा कॅलेंडरवर लिहा. ९५ च्या खाली दिसला तर पुन्हा बघा, आणि तसाच राहिला तर दम लागत नसला तरी आरोग्य केंद्राला फोन करा, मग मला. उलट करू नका. बाबांच्या बीपीच्या आणि आईच्या साखरेच्या गोळ्या तीन महिन्यांच्या आहेत. आई, मोदक दोन. नैवेद्याचा म्हणून तिसरा नाही.

सरकारी गोळ्या वाटतायत त्या घ्या, काढा प्या, मी कशाला नको म्हणू. पण गोळी घेतली म्हणून मास्क काढायचा नाही. घरोघर आरतीला बाबांनी यंदा जायचं नाही. भजनी मंडळी दुखावतील, पण मृदंगाभोवती दहा माणसं तोंड उघडून गाणार, तेच धोक्याचं. आपल्या घरची आरती तुम्ही दोघं करा. संध्याकाळी साडेसातला मोबाइल फणसाजवळच्या खिडकीत ठेवा, तिथे रेंज असते. आम्ही इकडून टाळ वाजवू. गौरीला तेरडा आणायला आई, तू पऱ्यापलीकडे जाऊ नकोस, परसातला पुरे.

अनंत चतुर्दशी झाली, गर्दी ओसरली की मी टेस्ट करून येईन. शाळेत राहीन सांगतील तितके दिवस. रागाने नाही राहणार, बाबा.

हिचा नमस्कार. पोरांचे दोघांना पापे.

तुमचा,
बाळू

ता.क. आई, त्या सभेपासून तू बाबांशी बोलत नाहीस, हेही मला कळलंय. आज रात्री ताट वाढताना "मीठ बरोबर आहे का" एवढं तरी त्यांना विचार.