चक्री फिरते ती हवेमुळे

रविवार पुरवणीतील प्रकाशाच्या दाबावरचा लेख आवडला. मात्र त्यात क्रुक्सच्या रेडिओमीटरचे (काचेच्या फुग्यातली चक्री, जिच्या पात्यांची एक बाजू काळी, तर दुसरी चकचकीत असते) उदाहरण देऊन ती प्रकाशाच्या दाबाने फिरते असे म्हटले आहे, ते चुकीचे आहे. ती चक्री प्रकाशाच्या धक्क्याने फिरत असती, तर परावर्तनामुळे चकचकीत बाजूवर जवळपास दुप्पट दाब पडून तीच मागे रेटली गेली असती. प्रत्यक्षात मागे सरकते काळी बाजू! ही करामत फुग्यात उरलेल्या विरळ हवेची. (आम्हीही शाळेत प्रकाशाच्या धक्क्याचेच चुकीचे कारण शिकलो.) प्रकाशाचा दाब खरा, पण अतिसूक्ष्म. तो प्रयोगाने मोजला रशियन भौतिकशास्त्रज्ञ लेबेदेव यांनी, १९००च्या सुमारास. उदाहरण हवेच होते, तर जपानचे २०१० मधील ‘इकारोस’ हे सूर्यप्रकाशाच्या रेट्यावर चालणारे शिडाचे अवकाशयान होते. त्याच्या १४ मीटर बाजूच्या चौरस शिडाला सूर्यप्रकाशाने दिलेला रेटा जेमतेम दशांश ग्रॅम वजनाइतका होता.

– एक वाचक, सातारा