बाळंतिणीच्या खाटेवर ठेवलेल्या डब्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
शिशुआहार विभाग

विषय : प्रसूतिगृहात बाळाच्या दुधाच्या पावडरीचा नमुना वाटल्याबद्दल आणि नंतर आईच्या फोनवर जाहिराती पाठवल्याबद्दल तक्रार, तसेच आमच्या घरात तुमचा सर्व माल बंद केल्याची कारणे.

महोदय / महोदया,

तुमच्या कंपनीची बिस्किटं, मुलांच्या दुधात घालायची पावडर आणि माझ्या यजमानांना डॉक्टरांनी सांगितलेली प्रोटीनची पावडर आमच्या घरात वर्षानुवर्षं येत होती. आता यातलं काहीही येत नाही. मालात खोट निघाली म्हणून बंद केलेलं नाही, बिस्किटं चांगलीच होती. कारण वेगळं आहे आणि ते तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून लिहिते आहे. वाण्याकडून नुसतं घेणं थांबवलं तर तुमच्या हिशेबात एक गिऱ्हाईक कमी झालं एवढंच दिसेल. भाव वाढला म्हणून गेलं असेल, दुसऱ्याची स्कीम आवडली असेल, असा काहीतरी अर्थ तुमची माणसं लावतील. तो लावला जाऊ नये.

मी सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका आहे. नोकरीचा बहुतेक काळ प्रसूती विभागात आणि बालविभागात गेला. तेव्हा खाली जे लिहिते ते ऐकीव नाही.

माझ्या सुनेचं सिझर झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी गेले असताना तुमच्या कंपनीची एक मुलगी तिच्या खोलीत आली. गळ्यातल्या कार्डावर ‘मातृ-पोषण सल्लागार’ असं लिहिलेलं होतं. तिनं विचारलं, दूध येतंय का? सून म्हणाली, अजून नीट नाही. त्यावर ती म्हणाली, मग बाळाला उपाशी ठेवू नका ताई, आणि खाटेवर एक कापडी पिशवी ठेवून गेली. पिशवीत पावडरीचा छोटा डबा, माप घ्यायचा चमचा, गुळगुळीत कागदावर छापलेली पुस्तिका आणि तुमचं नाव भरलेलं एक लाळेरं होतं. लसीकरणाच्या तारखांची आठवण करून देऊ, असं सांगून एका फॉर्मवर सुनेचा मोबाइल नंबर आणि बाळाची जन्मतारीखही लिहून घेतली.

ती मुलगी बोलायला गोड होती, असं सून सांगते. तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. तिला नोकरीची गरज असणार. तिला त्या खोलीत कुणी पाठवलं, हे मला विचारायचं आहे.

दुसऱ्या दिवशी ‘नीट येत नाही’ म्हणणाऱ्या बाईला दूधच नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. पहिल्या दिवसांत येतो तो चीक, थोडा, दाट, पिवळसर. नवजात बाळाचं पोट एवढंसं असतं, त्याला तेवढाच लागतो. भरून दूध यायला दोन-चार दिवस जातात, सिझर झालेल्या बाईला कधी थोडे जास्त. या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं आणि पुन्हा भरून येतं. दूध वाढतं ते बाळानं ओढल्यामुळे. ते जितकं ओढेल तितकं शरीर बनवतं. अशा वेळी त्याला पावडरीचं दूध पाजलं की ते पेंगतं, छातीला कमी लागतं, आणि छातीत दूध कमी बनतं. चार-सहा दिवसांनी छोटा डबा संपतो, तेव्हा आईला खरोखरच दूध कमी पडू लागलेलं असतं. मग मोठा डबा आणायला दुकानात जावं लागतं. तुमच्या नमुन्याचं गणित हे आहे आणि ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

दुसरा दिवस तुम्ही उगाच निवडलेला नाही. त्या दिवशी आई थकलेली असते, टाके दुखत असतात, बाळ रडत असतं, आणि घरातली प्रत्येक मोठी बाई ‘पोट भरत नाही वाटतं’ असं म्हणून जाते. त्या वेळी जो कुणी डबा पुढे करेल तो देवासारखा वाटतो.

आमच्याकडे तो डबा उघडला नाही, कारण मी होते. बाळाला छातीशी नीट कसं धरायचं, तोंडात फक्त बोंडी न देता भोवतालचा काळा भागही कसा द्यायचा, पुढे दिवसाला सहा-सात लंगोट ओले होत असतील तर पोट भरतंय हे कसं ओळखायचं, हे मी सुनेला शेजारी बसून दाखवलं. शेजारच्या खोलीत असं दाखवणारं कुणी नव्हतं. पिशवी मात्र तिथंही गेली होती.

आता त्या डब्याविषयी. आपल्या देशात अशा डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्र छापता येत नाही. म्हणून तुम्ही हत्तीण छापली आहे, आणि तिच्या पायांत लपलेलं पिल्लू. रंग गुलाबी आणि निळा. ‘आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम’ हे बंधनकारक वाक्य आहे, पण ते मला डबा खिडकीपाशी नेऊन वाचावं लागलं. विक्री वाढावी म्हणून केलेली कोणतीही चित्रं किंवा शब्द लेबलवर नकोत, असंही कायदा म्हणतो. हत्तीण आणि पिल्लू तिथं कशासाठी आहेत, याचं उत्तर मला लेखी हवं आहे.

घरी आल्यावर सुनेच्या व्हॉट्सअॅपवर निरोप सुरू झाले. ‘बाळ रात्री उठतंय? पोट भरलेलं बाळ शांत झोपतं.’ लसीची आठवण एकदाही आली नाही. मी तुमच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन केला तेव्हा हा ‘शैक्षणिक उपक्रम’ असल्याचं सांगण्यात आलं. मग ईमेल केला. त्याचं उत्तर असं आलं की झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, पुढच्या खरेदीवर सवलतीसाठी सोबतचं कूपन वापरावं. बाळाच्या पावडरीची जाहिरात थांबवा म्हणून तक्रार करणाऱ्या बाईला तुम्ही त्याच पावडरीवर सवलत देऊ केलीत. ते कूपन या पत्रासोबत परत पाठवते आहे.

यात कायदा कुठे मोडला ते सांगते. १९९२ साली आपल्याकडे शिशुदुग्ध पर्याय, दूध पाजायच्या बाटल्या आणि शिशुआहार यांच्याविषयीचा कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९९३ पासून तो लागू आहे. २००३ साली दुरुस्ती करून तो आणखी कडक केला आणि दोन वर्षांपर्यंतच्या मुलांचा आहार त्याच्या कक्षेत आणला. त्याचं चौथं कलम वाचा. नमुने वाटायचे नाहीत, भेटवस्तू द्यायच्या नाहीत, विक्रीसाठी गरोदर बाईशी किंवा तान्ह्या बाळाच्या आईशी संपर्क साधायचा नाही, कोणतंही प्रलोभन दाखवायचं नाही. डबा, लाळेरं, ती मुलगी, व्हॉट्सअॅप आणि कूपन, सगळं या एका कलमात बसतं. दहावं कलम म्हणतं की अशा कंपनीच्या नोकरांनी बाळंतपणाआधीच्या किंवा नंतरच्या काळजीचं शिक्षण आयांना द्यायचंच नाही. म्हणजे ‘मातृ-पोषण सल्लागार’ हे पदच तुमच्याकडे असता कामा नये. त्याच कलमात विक्रीच्या आकड्यावर कमिशन द्यायलाही बंदी आहे. त्या मुलीचा पगार कशावर ठरतो तेही कळवा.

शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेची आहे. पण त्याला ‘किंवा’ म्हणून जोडलेल्या दंडाची कमाल मर्यादा, कायदा झाला तेव्हा, पाच हजार रुपये ठरली. पाच हजारांत तुमचा एक फलकसुद्धा उभा राहत नसेल. कायद्यानं वाट दाखवली, पण तुम्हाला थांबवण्याएवढं वजन त्या दंडात नाही. मग ते वजन गिऱ्हाइकानं घालायचं, असं मी ठरवलं.

पूर्वी असं घडलेलं आहे. नेस्ले कंपनी गरीब देशांत बाळाच्या पावडरीची ज्या पद्धतीनं जाहिरात करत होती, त्याविरुद्ध १९७७ साली अमेरिकेत मिनियापोलिसमध्ये तिच्या मालावर बहिष्कार सुरू झाला. तुमची कंपनी वेगळी आहे, पण तो इतिहास तुमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतो. आपापल्या घरात कॉफी आणि चॉकलेट घेणं बंद करणाऱ्या साध्या माणसांनी तो चालवला. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेत या मालाच्या विक्रीविषयीची आंतरराष्ट्रीय संहिता ११८ मतांनी मंजूर झाली; विरोधात एकच मत पडलं, अमेरिकेचं. १९८४ साली कंपनीनं संहिता पाळायचं कबूल केलं तेव्हा बहिष्कार थांबवला, आणि वचन पाळलं जात नाही असं वाटल्यावर १९८८ साली पुन्हा सुरू केला. मला यात मोलाचं वाटतं ते हे, की त्या लोकांनी मागणी काय आहे ते आधी सांगितलं होतं आणि ती मान्य झाल्यावर ते खरोखर थांबलेही होते. मीही तसंच करणार आहे.

माझा मुलगा म्हणाला, एका घरानं बिस्किटं सोडून काय होणार? कदाचित काहीच होणार नाही. पण माझ्या घरातून जाणारा पैसा त्या पिशव्यांवर खर्च होऊ नये, एवढं माझ्या हातात आहे. तो असंही म्हणाला की पावडरीवर राग आहे तर पावडर बंद कर, बिस्किटांनी काय केलं? बाळाच्या दुधाची पावडर तर आम्ही घेतच नाही, ती काय बंद करणार! कंपनी एक, तिजोरी एक. यजमानांची प्रोटीन पावडर सोडणं अवघड गेलं, ती त्यांना मानवली होती. डॉक्टरांना विचारून दुसरी घेतली, थोडी महाग पडते. नातवंडांना आता बचत गटाच्या बायकांनी केलेलं नाचणीचं सत्त्व देतो.

या धंद्याबद्दल मी एवढी कडक का, तेही सांगते. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात जुलाबानं सुकून आलेली तान्ही मुलं बालविभागात रोज असायची, आणि आईला विचारलं की पुष्कळदा बाटली निघायची. ऊसतोडीला आलेल्या एका बाईचं मूल मला आजही डोळ्यांपुढे दिसतं. तिनं पिशवीतून बाटली काढून दाखवली. बुचाच्या आट्यांत काळं साचलेलं होतं आणि आतलं दूध निळसर, पाण्यासारखं. डबा महाग म्हणून ती तीन चमच्यांच्या जागी एक चमचा घालत होती, पाणी फडाजवळच्या पिंपातलं. गावातल्या दवाखान्यात कुणीतरी पहिला डबा फुकट दिला होता. तिचं दूध तोवर आटलेलं होतं. मूल वाचलं नाही. तो डबा तुमचा होता असं मी म्हणत नाही, नाव मी तेव्हा पाहिलंही नव्हतं. पण फुकटचा पहिला डबा कुठपर्यंत जातो ते मी पाहिलं आहे.

पावडर वापरणाऱ्या आयांना दोष देणारी मी नाही. कुणाची आई जाते, कुणी आजारी असते, कुणाला कामावर परतावंच लागतं, आणि रोजंदारीवरच्या बाईला कसली पगारी रजा? त्यांच्यासाठी पावडर दुकानात असावी, शुद्ध असावी, परवडणारी असावी. मात्र गरज आहे की नाही हे डॉक्टर आणि परिचारिकेनं ठरवायचं. आजारी, कमी वजनाच्या बाळांसाठी १९८९ साली मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध तिथं तपासून, पाश्चराइज करून पाजतात. तुमच्या पुस्तिकेत या सोयीचा उल्लेखही नाही.

माझ्या मागण्या अशा. तुमच्या माणसांनी प्रसूतिगृहात आणि बाळंतिणीच्या खोलीत जाणं बंद करावं. नमुने, लाळेरी, पुस्तिका थांबवाव्यात. माझ्या सुनेचा नंबर आणि बाळाची माहिती काढून टाकावी, आणि त्याच फॉर्मवर घेतलेले इतर आयांचे नंबरही. हे झाल्याचं जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीनं कळवावं. ई-कॉमर्स नियमांनुसार तुमच्या संकेतस्थळावर तक्रार अधिकाऱ्याचं नाव आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात, असं तिथं तुम्हीच लिहिलं आहे. या पत्रालाही तोच हिशेब लावावा.

हे झालं तर बिस्किटं पुन्हा घेईन आणि घेते आहे असं तुम्हाला कळवीनही. तोवर बंद. माझ्याबरोबर नोकरी केलेल्या मैत्रिणींना हे पत्र मी वाचून दाखवलं आहे. त्यांतल्या काहींनी आपापल्या घरी तुमचा माल थांबवला आहे आणि त्या स्वतंत्रपणे लिहिणार आहेत.

उत्तर टपालानं पाठवावं. कूपन पाठवू नये.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सातारा जिल्हा

सोबत : न उघडलेला डबा, लाळेरं, पुस्तिका व सल्लागारांचे कार्ड यांची छायाचित्रे, व्हॉट्सअॅप निरोपांच्या प्रती, आपले ईमेल, आपले कूपन.

प्रत माहितीसाठी व कारवाईसाठी : जिल्हा शल्यचिकित्सक, संबंधित प्रसूतिगृहाचे संचालक, या कायद्याखाली तक्रार दाखल करण्याचा अधिकार असलेली स्वयंसेवी संस्था.