कोब्याखाली गेलेल्या वीरगळांविषयी सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय, सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या गावच्या महादेव मंदिराच्या जीर्णोद्धारात पारालगतचे दोन वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या माणसांच्या स्मरणार्थ उभारलेले कोरीव दगड, आणि एक गद्धेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणारा दगड, सिमेंटच्या कोब्याखाली गाडले गेले. कामाला हात लागण्यापूर्वी त्यांची नोंद होईल आणि कोरीव कामाचे कागदावर ठसे घेतले जातील, असा शब्द एका सरकारी कार्यालयाने मला दोन वर्षांपूर्वी दिला होता. त्यानंतर मी चार अर्ज केले, प्रत्येकाची पोच घेतली, आणि पाचव्या खेपेला फाइलच सापडत नसल्याचे ऐकून परत आलो.

त्यांतल्या एका वीरगळाच्या खालच्या चौकटीत गाईंचा कळप होता आणि त्यापुढे ढाल उचललेला माणूस. वरच्या चौकटीत अप्सरा त्याला नेत होत्या, त्याच्याही वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला होता, माथ्यावर चंद्र-सूर्य होते. नाव कुठेच नव्हते. माझी आजी दर दिवाळीला त्या दगडाला तेल लावायची आणि मी पणती धरून उभा राहायचो.

गुरे राखताना पडलेल्या माणसाच्या पदरी पंडित नसतात. यादवांच्या पदरी हेमाद्री होता. त्याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या आपल्या ग्रंथाच्या व्रतखंडात राजप्रशस्ती रचून देवगिरीच्या घराण्याची वंशावळ यदुकुळाला नेऊन भिडवली, आणि आजही यादवांचा इतिहास लिहिणाऱ्याला ती प्रशस्ती उघडावी लागते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, काढलेल्या मठाला निकुंभ राजांनी दान दिले, म्हणून चाळीसगावजवळच्या पाटणला तो शिलालेख कोरला गेला आणि त्या घराण्याची नावे आपल्यापर्यंत पोहोचली. पंढरपूरच्या चौऱ्याऐंशीच्या शिलालेखात, शके 1195 ते 1199 या काळात, विठ्ठलाला दान देणाऱ्यांची नावे आहेत. ज्याच्यापाशी द्यायला काही नव्हते, त्याचे नाव तिथेही नाही. अशा माणसांची आठवण वीरगळांनीच धरून ठेवली, आणि नेमके तेच आपल्या राज्यात गावोगावी उघड्यावर पडले आहेत, पायरीला लावले जात आहेत, ऑइलपेंटने रंगवले जात आहेत.

राजाने दिलेले दान मोडणाऱ्याला गद्धेगाळीवर शिवी कोरलेली असे. मला दिलेला शब्द मोडला गेला, त्याबद्दल कोणाला साधा जाबही विचारला गेलेला नाही.

जुन्या मंदिराच्या कामाला परवानगी देण्यापूर्वी तिथल्या कोरीव दगडांची नोंद आणि ठसे सक्तीचे करावेत, ही माझी मागणी आहे. आमच्या मंदिरात कोब्यावर फरशी बसायची अजून बाकी आहे. ती बसण्याआधी आपला माणूस पाठवा. दगड कुठे आहेत ती जागा मी दाखवीन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक