मंजू, आधी फाइल तयार कर

प्रिय मंजू,

काल फोनवर स्तन लहान करण्याच्या ऑपरेशनचं बोलणं निघालं तर तू "जाऊदे गं, एवढा खर्च कोण करणार" म्हणालीस आणि विषय बदललास, तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहायला बसले. ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यावर पडलेले वळ, छातीखालची लाल होऊन चिघळणारी कातडी, कुशीवर वळताना मानेतून निघणारी कळ, मीही वर्षानुवर्षं काढलंय गं हे सगळं.

इन्शुरन्सचं आधी सांगते, कारण मी अडकले ती तिथेच. माझी पहिली प्री-ऑथ, म्हणजे ऑपरेशनआधी कंपनीकडे मागायची मंजुरी, रिजेक्ट झाली, कारण काय तर म्हणे कॉस्मेटिक, नुसतं दिसण्यासाठीचं. खूप रडले त्या दिवशी. मग शांतपणे फाइल उघडली तर दुखणं एवढ्या वर्षांचं आणि कागद फक्त दोन! डॉक्टरकडे जायचे ते ताप-खोकल्यासाठी, हे बोलायची लाज वाटायची, पुरळ आलं की मेडिकलमधून क्रीम आणून लावायचे, त्याची नोंद कुठे असणार? कंपनी बघते ते कागद. म्हणून तू आत्ताच डॉक्टरकडे जा आणि त्रास कधीपासून आहे, झोप, काम, चालणं कशावर परिणाम होतो ते लिहून घे. फिजिओथेरपीच्या तारखा, स्किनच्या डॉक्टरची प्रिस्क्रिप्शन्स, फोटो सगळं ठेव. आणि हे दुखणं छातीच्या वजनामुळेच आहे हे वाक्य डॉक्टरने स्पष्ट लिहिलेलं पाहिजे, नुसतं "मानदुखी" लिहिलेलं माझ्या काही कामाला आलं नाही. बऱ्याच कंपन्या आधी काही महिने दुसरे उपचार करून बघितल्याचा पुरावा मागतात.

मग येतो ग्रॅमचा प्रश्न. किती वजन काढणार ते सर्जनला आधीच अंदाजाने लिहावं लागतं. काही ठिकाणी सरसकट एका बाजूला किमान ५०० ग्रॅम काढणार असतील तरच मंजूर करतात, तर काही ठिकाणी डॉ. श्नर यांचा १९९१ सालचा तक्ता वापरतात, त्यात तुझी उंची आणि वजन यावरून शरीराच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ काढतात, १.६० चौरस मीटर आलं तर एका बाजूला किमान साधारण ३१० ग्रॅम, २.०० आलं तर ६२८. म्हणजे तुझ्यासारख्या लहान चणीच्या बाईला ५०० चा नियम लावला तर ती बाहेरच पडते, दुखणं तेवढंच असलं तरी! मला हे अन्यायाचं वाटतं. अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जन्सच्या संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलंय की निर्णय लक्षणांवरून घ्यावा, काढलेल्या वजनावरून नाही. नकार आला तर अपीलमध्ये हे लिही. मी दुसऱ्यांदा सर्जनचं सविस्तर पत्र जोडलं तेव्हा मंजूर झालं. पण आधी पॉलिसीत नीट बघ, हे ऑपरेशन थेट वगळलेलंच असेल तर अपील करून उपयोग नाही, उगाच दमशील.

खर्चाचं म्हणशील तर सर्जन जो आकडा सांगतो तो बऱ्याचदा फक्त त्याच्या फीचा असतो. ऑपरेशन थिएटर, भूल, राहणं, आधीच्या तपासण्या, काढलेला भाग लॅबला जातो त्याचे पैसे, नंतरची सर्जिकल ब्रा आणि औषधं, हे वेगळं. माझं हॉस्पिटल इन्शुरन्स कंपनीच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे करार असलेल्यांच्या यादीत होतं आणि भूल देणारे डॉक्टर नव्हते, ते बिल नंतर घरी आलं, मला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून सगळ्याचा अंदाज लेखी माग, को-पे, म्हणजे बिलातला आपण भरायचा वाटा, किती तेही विचार. आणि दोन-तीन आठवड्यांची रजा धर, बिनपगारी असेल तर तोही खर्चच झाला ना, शिवाय जड उचलायला महिना-दीड महिना बंदी, घरात कोण मदतीला येईल ते आत्ताच ठरव.

माझ्या अपीलच्या पत्राची कॉपी काढून ठेवलीय, उद्या पाठवते. डॉक्टरकडे एकटी जाऊ नकोस, तारीख कळव, मी रजा टाकते. तू बोलायला लाजलीस तर मी बोलेन.

तुझीच,
सुमी