चार नंबरच्या पिस्टनखाली डोकावणाऱ्या उस्तादांना

उस्ताद, सप्रेम नमस्कार.

नाव कुठे लिहू नको असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं उस्ताद लिहितो. धुळ्यात आग्रा रोडला तुमचं गॅरेज आहे आणि पाना उचलण्याआधी तुम्ही ड्रायव्हरला बसवून प्रश्न विचारता, एवढ्यावरून ओळखणारे तुम्हाला ओळखतील.

तोंडी आभार मानून झाले, बिलही चुकतं झालं. तरी हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण आमच्या गाडीचा आजार तुम्ही कसा शोधलात हे आमच्या भागातल्या गाडीवाल्यांपर्यंत पोचायला हवं. चोपडा, यावल, रावेर, तिकडे शिरपूर, सगळीकडे केळीच्या गाड्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच गाड्यांची ताकद बाहेरून वाढवून घेतलेली आहे. अशा गाडीचं इंजिन बसलं की जो तो एकच सांगतो: ट्यून केलेली आहे, फुटणारच होती, हाफ इंजिन टाका, म्हणजे वरचं हेड सोडून बाकीचं इंजिनच बदला. आम्हालाही तेच सांगितलं गेलं. तुम्ही तेवढं सांगितलं नाहीत, आणि त्यामुळे आमची गाडी वाचली.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगतो. ही सहा सिलिंडरची दहा चाकी आम्ही जुनी घेतली. आधीच्या मालकाने तिच्यावर बरंच काम करून घेतलं होतं. ईसीएममधली, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली, सेटिंग बदललेली, इंजिनात हवा कोंबणारा टर्बो कंपनीपेक्षा मोठा, नोझल जास्त डिझेल सोडणारे. भरल्या गाडीला अशी ओढ होती की गाडी चालवणारा आमचा दादा म्हणायचा, घाट जाणवतच नाही. केळीच्या भाड्यात या ओढीला किंमत आहे. हिरवा माल कापून भरायचा आणि दिल्लीच्या आझादपूर मंडीपर्यंत हजार किलोमीटरच्या वर न्यायचा. उन्हाळ्यात वाटेत दिरंगाई झाली की घड गाडीतच पिकायला लागतात आणि व्यापारी भाव पाडतो.

पहिल्यांदा चार नंबरचा पिस्टन गेला तेव्हा एका गॅरेजमध्ये पिस्टन, लाइनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी), रिंगा नव्या टाकल्या. थोड्या खेपा गाडी नीट चालली. मग ऐन एप्रिलात, पळासनेर सोडून बिजासन घाट चढताना गाडीने दम टाकला. आधी ओढ कमी झाली, मग टक्‌टक्‌ आवाज, ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ सोडणाऱ्या नळीतून, धुराचा लोट, आणि इंजिन जाम. माल दुसऱ्या गाडीत पलटी केला आणि आमची गाडी टोचन करून खाली आणली. पुन्हा चार नंबरच. ज्यांनी ज्यांनी पाहिली त्यांनी हाफ इंजिनचा खर्च सांगितला. तो ऐकून आई दोन दिवस नीट जेवली नाही. हप्ते चालू होते आणि घरात दुसरी कमाई बागेचीच, तिचाही हंगाम संपत आलेला.

तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही बोनेटकडे पाहिलंसुद्धा नाही. दादाला समोर बसवलंत आणि म्हणालात, "काय व्हयनं भाऊ, पहिल्यापासून सांग." कोणत्या गिअरमध्ये होती? आरपीएम किती होता? आधी ताकद गेली की आधी आवाज आला? धूर काळा, पांढरा की निळा? पाण्याच्या तापमानाची सुई कुठे होती? ऑइलचं प्रेशर? दादाने सांगितलं की सुई नेहमीच्या जागी होती, प्रेशरही बरोबर होतं. यावर इतर जण म्हणाले होते की ड्रायव्हर खोटं बोलतोय, गाडी तापल्याशिवाय पिस्टन जाईल कसा? तुम्ही दादाच्या शब्दावर विश्वास ठेवलात. सुई पाण्याचं तापमान दाखवते, पिस्टनचं नाही, असं तुम्ही म्हणालात. आठवडाभर सगळ्यांची बोलणी खाल्लेल्या माणसाला त्या एका वाक्याने केवढा धीर आला, हे तुम्हाला माहीत नसेल. सगळ्यात आधी त्याचेच आभार.

मी शेजारीच उभा होतो. "पहिले दखू, मंग खोलू," असं म्हणून तुम्ही कामाला लागलात. डिपस्टिक काढून ऑइलची पातळी पाहिली, बोटांवर चोळून वास घेतला. पातळी वाढलेली नव्हती, डिझेलचा वासही नव्हता. म्हणजे नोझल गळून डिझेल खालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये उतरत नव्हतं आणि पाणीही मिसळलेलं नव्हतं. मग ऑइल फिल्टर काढून तुम्ही तो चक्क कापलात. आतला कागद उलगडून उन्हात धरला, तर घड्यांमध्ये चकचकीत कण. त्यावरून लोहचुंबक फिरवलं, कण चिकटले नाहीत. म्हणजे लोखंड नाही, अ‍ॅल्युमिनियम, पिस्टनचं. तांब्याच्या रंगाचा कण शोधून सापडला नाही, तेव्हा बेरिंगं बहुतेक शाबूत आहेत असं तुम्ही तिथल्या तिथे सांगितलंत. इंजिन उघडायच्या आधी एका फिल्टरवरून एवढं कळतं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. आधी कोणी फिल्टर कापलाच नव्हता.

इंजिन हाताने फिरतंय याची खात्री झाल्यावर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब, घेतलंत. धडधाकट डिझेल इंजिनात ते साधारण 25 ते 30 बार यावं आणि सिलिंडरा-सिलिंडरात फार तर 10 टक्क्यांचा फरक असावा, हे तुम्ही मला नाही, तुमच्या हाताखालच्या पोरांना सांगत होतात. पाच सिलिंडर एकमेकांच्या जवळ होते, चौथा पार खाली. नोझल टेस्टरवर लावले, सहाही फवारे बारीक आणि सारखे. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या होज पाइपला क्लिपजवळ चीर सापडली, तेव्हा मला वाटलं सापडलं कारण. तुम्ही मान हलवलीत. त्या चिरेमुळे हवा कमी पडते, काळा धूर येतो, एक्झॉस्ट तापतो, हे सगळं खरं. पण ती हवा सहाही सिलिंडरांची आहे. मग मरतो तो एकटा चौथाच का?

हा प्रश्न तुमच्याआधी कोणी विचारला नव्हता. सेटिंगमध्ये वाढवलेलं डिझेल सहाही सिलिंडरांना सारखंच मिळतं. मोठा टर्बो सहाही सिलिंडरांना हवा देतो. नुसत्या ट्यूनिंगने इंजिन मारलं असतं तर सहाही पिस्टनांवर त्याच्या खुणा असत्या, आणि एकाच नंबरने दोनदा जीव सोडला नसता. एकाच जागी पुन्हा पुन्हा तेच होत असेल तर त्या जागेत काहीतरी आहे, नवा पिस्टन टाकून ते जाणार नाही. हा विचार तुम्ही मोठ्याने बोलून दाखवलात, म्हणून आज मला तो लिहिता येतोय.

हेड उतरवलं, पिस्टन बाहेर आले. पाच जणांचे माथे काळवंडलेले, एक-दोघांच्या कडा जरा भाजलेल्या. अतिरिक्त डिझेलचा तो परिणाम तुम्ही लपवला नाहीत. चौथ्याची गोष्ट वेगळी होती. वरच्या कडेपासून खालपर्यंत चारी बाजूंनी ओरखडे, रिंगा खाचेत जाम, आणि लाइनरला अ‍ॅल्युमिनियम फासल्यासारखं चिकटलेलं. इथपर्यंत आधीच्या गॅरेजनेही पाहिलं असणार. तुम्ही पिस्टन उलटा केलात आणि त्याच्या पोटात टॉर्च मारलात. तिथे ऑइलचा अक्षरशः कोळसा झालेला होता. शेजारी दुसरा पिस्टन उलटा ठेवलात, तो आतून नुसता तपकिरी आणि ओलसर. तुम्ही टॉर्च माझ्या हातात दिलात आणि स्वतः बघ म्हणालात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सिलिंडरमध्ये डिझेल जळतं तेव्हा ज्वालेचं तापमान 2000 अंश सेल्सिअसच्या घरात जातं, आणि शुद्ध अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांनाच वितळतं. तरी पिस्टन टिकतो, कारण स्फोट क्षणभराचा असतो आणि पिस्टन ती उष्णता रिंगांमधून लाइनरला आणि खालून ऑइलला देत राहतो. जास्त ताकदीच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरखाली एक छोटी वाकडी नळी असते, ऑइल जेट. ती पिस्टनच्या पोटावर सतत ऑइलची धार मारते. ती धार चुकली की पिस्टन आतून भाजतो, फुगतो आणि लाइनरला धरतो. रेडिएटरच्या पाण्याला यातलं काही कळत नाही, आणि पाच जेट नीट चालू असताना ऑइलचं प्रेशरही पडत नाही. दादाचा शब्द न्‌ शब्द खरा होता.

मग तुम्ही जे केलंत ते मला फार आवडलं. इंजिन पूर्ण रिकामं झाल्यावर सहाही जेटांच्या तोंडात सरळ, ताठ तारेचा एकेक तुकडा घातलात. पाच तारा जिथे रोखायला हव्यात तिथे नेमक्या रोखलेल्या. चौथी तार तिरपी होऊन थेट लाइनरच्या भिंतीला टेकलेली. जेट वाकलेला होता. पिस्टन खाली बसवताना कनेक्टिंग रॉडचा धक्का लागला की असं होतं, म्हणालात. कोणाच्या हातून झालं असं मी विचारलं, तर तुम्ही कोणाचंही नाव घेतलं नाहीत. जुनी गाडी आहे, अनेकांच्या हातातून गेलीय, पाहिल्याशिवाय कसं सांगू, एवढंच बोललात. दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवून गिऱ्हाईक बांधून ठेवणारे मी पाहिले आहेत, म्हणून हेही मुद्दाम लिहितो.

ट्यूनिंगला तुम्ही मोकळं सोडलं नाहीत, त्यासाठीही आभार, दादाला तेव्हा राग आला होता तरी. कंपनीच्या ताकदीवर असती तर वाकलेल्या जेटसह गाडीने कदाचित बरेच दिवस काढले असते. वाढीव डिझेलने ती सवलत संपवली. पिस्टन, पाणी फिरवणारा पंप, रेडिएटर, क्लच, गिअरबॉक्स, सगळं एका ठरावीक ताकदीला जुळवून बनवलेलं असतं, एकटं डिझेल वाढवलं की बाकीचे मागे पडतात, हे तुम्ही शांतपणे समजावलंत. आणि आपल्याकडचं ऊन तर आहेच. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या पुढे जातो, गरम हवा विरळ असते, तिच्यात ऑक्सिजन कमी, म्हणजे तेवढंच डिझेल आणखी वाईट जळतं. आरसी बुकात लिहिलेल्या गोष्टी परवानगीशिवाय बदलायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ची आडकाठी आहे, आणि विम्याच्या वेळी असला बदल अंगाशी येऊ शकतो, हेही तुम्हीच सांगितलंत. या कामाचे पैसे देणारे तुमच्या दारात रोज उभे असतात, मला माहीत आहे.

शेवटी हाफ इंजिन लागलंच नाही. एक पिस्टन, लाइनर, सगळ्या रिंगा, सहाही जेट नवे, हेडला चीर नाही याची प्रेशर लावून तपासणी, क्रँकची बेरिंगं पाहिली आणि खोललंच आहे तर म्हणून बदलली. होज पाइप नवा. नोझल आणि सेटिंग पुन्हा कंपनीची. सांगितलेल्या खर्चाच्या निम्म्याहून कमी पैशांत गाडी उभी राहिली. जुने पार्ट पोत्यात बांधून परत दिलेत, आणि वहीच्या पानावर सहाही सिलिंडरांचे आकडे लिहून दिलेत. पुढच्या कोणत्याही मिस्त्रीला दाखव, म्हणजे त्याला पहिल्यापासून शोधावं लागणार नाही, असं म्हणालात. ते पान गाडीच्या कागदांत ठेवलंय.

आता दादाचं सांगतो. ओढ कमी झाल्याची कुरकुर त्याने सुरुवातीला केली. मग तुम्ही सांगितलेलं करून पाहिलं: घाटात वरच्या गिअरला रेटायचं नाही, एक गिअर आधीच खाली घ्यायचा, म्हणजे आरपीएम राहतो, पाणी आणि ऑइल दोन्ही जोरात फिरतात. चढ संपवून थांबल्यावर गाडी लगेच बंद न करता टर्बोला थोडं निवू द्यायचं. बिजासन आता थोडा जास्त वेळ घेतो, पण माल वेळेत पोचतो. आझादपूरला अजून भाव पाडून घ्यावा लागलेला नाही. आई तुमच्यासाठी बागेतला पहिला घड ठेवून देते, तो घ्यायला नाही म्हणू नका.

आणखी एक. तुमच्या हाताखालची ती दोन पोरं कॉम्प्रेशनचे आकडे वहीत उतरवत होती, त्यांतल्या धाकट्याने मला विचारलं होतं की केळीची गाडी आत थंड कशी ठेवतात. त्याला म्हणावं, भरतीच्या दिवशी चोपड्याला ये, केळीची पानं अंथरून घड कसे रचतात ते दाखवतो. ऑइल बदलायला गाडी घेऊन येईनच. जुना फिल्टर न कापता तसाच आणतो, तो त्या पोरांना कापू द्या.

आपला कृतज्ञ,
चोपडा तालुक्यातला एक केळीचा गाडीवाला, आणि दादा