आधी कागदांचं बोला, मग जागेचं

माननीय अभिलेखपाल,
राष्ट्रीय अभिलेखागार, वॉशिंग्टन

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहितेय. लेक त्याचं इंग्रजी करून पाठवणार आहे, पण राग मला मराठीतच नीट येतो. शिकागोच्या एका उपनगरातून निवृत्त झालेली मी ग्रंथपाल. त्याआधी, विद्यार्थिदशेत, पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमाल (कापडात बांधलेली कागदांची गाठोडी) सोडून मोडी कागद चाळलेले. हवा असलेला कागद सापडायचा नाही आणि त्याच्या शेजारचा भलताच कागद कामाला यायचा, हे तिथेच शिकले.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची ग्रंथालयं ही खरं तर त्यांच्या कारकिर्दीतल्या कागदांची दफ्तरंच. १९४१ मध्ये रूझवेल्ट यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्कमध्ये, घरच्या जमिनीवर पहिलं उघडलं आणि सरकारच्या हवाली केलं. जागा घरचीच, तेव्हा वाद होणार कसला? पुढे मात्र जागेवरून भांडणं ठरलेलीच. केनेडींचं ग्रंथालय बॉस्टनशेजारच्या केंब्रिजमध्ये व्हायचं होतं. पर्यटकांची गर्दी नको म्हणून रहिवासी अडून बसले आणि अखेर १९७९ मध्ये ते बॉस्टनच्या कोलंबिया पॉइंटला समुद्राकाठी उभं राहिलं. रेगन यांचं कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात होणार होतं, ते त्याच राज्यातल्या सिमी व्हॅलीला गेलं. पण जागा बदलली तरी कागद ग्रंथालयासोबतच गेले.

शिकागोत मात्र उलटं झालं. ओबामांच्या ग्रंथालयासाठी न्यूयॉर्क आणि हवाईला मागे टाकून २०१५ मध्ये आमचं शहर निवडलं गेलं, २०१६ मध्ये जॅक्सन पार्क ठरलं. १८९३ चं जागतिक प्रदर्शन जिथे भरलं, तेच हे उद्यानरचनाकार ओल्मस्टेड यांनी आखलेलं उद्यान. त्यातले १९.३ एकर ९९ वर्षांसाठी १० डॉलरला दिले. ग्रंथालय होणार म्हणून मीही खूश होते, कबूल करते. मग २०१७ मध्ये कळलं की अभिलेखागाराचं ग्रंथालय तिथे असणारच नाही. सुमारे ३ कोटी पानं स्कॅन होऊन इंटरनेटवर येतील, मूळ कागद दुसरीकडे राहतील. जागा पटकावली ग्रंथालयाच्या नावाने आणि उभं राहिलं संग्रहालय! २०१८ मध्ये उद्यानप्रेमी कोर्टात गेले, तेव्हा त्यांनीही नेमकं याच्यावर बोट ठेवलं होतं. पुढच्या वर्षी दावा फेटाळला गेला. कायद्याने ते बरोबर असेलही. माझं गाऱ्हाणं कायद्याचं नाही.

आवारात शिकागो सार्वजनिक वाचनालयाची शाखा आहे, हे ठाऊक आहे मला. तिथे मुलं गोष्टीची पुस्तकं वाचतील, उत्तमच. पण ती शाखा म्हणजे दफ्तर नव्हे.

स्कॅनला माझा विरोध नाही. नाशिकच्या पोराला घरबसल्या व्हाइट हाउसचा कागद दिसला तर मला आनंदच होईल. फक्त ज्याला शोधायचा शब्दच माहीत नाही, त्याने काय करायचं? तिथे खोके ओळखणारा माणूस लागतो, आणि तो टेबलापलीकडे असावा लागतो.

१९७८ च्या कायद्याने हे कागद जनतेचे झाले, राष्ट्राध्यक्षांचे राहिले नाहीत. मग जनतेला विचारायचं कधी? २०२५ मध्ये मायामीत एका कॉलेजने २.६३ एकर जमीन ट्रम्प यांच्या ग्रंथालयासाठी सोडली. सभेच्या सूचनेत जमीन कशासाठी, ते लिहिलेलंच नव्हतं. प्रकरण कोर्टात गेलं, मग जाहीर सुनावणी घेऊन पुन्हा मतदान झालं. वरातीमागून घोडं.

जमीन देणं आपल्या हातात नाही, हे मान्य. पण अभिलेखागाराचं नाव घेऊन कोणी जागा मागू लागला, तर आपण बोलू शकता. त्या गावकऱ्यांना सुनावणीआधी लेखी कळवा: मूळ कागद इथे येणार की नाही, वाचन कक्षात किती टेबलं असतील, आणि शनिवारी तो उघडा राहील का. नोकरदार माणसाला शनिवारच मिळतो.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल